वर येण्याची परवानगी

ओसाकात आम्हाला घर मिळाले ते एका तोंडी परीक्षेवर. घरमालकांना आपल्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. माझे यजमान भाडे, अनामत, स्टेशनपासूनचे अंतर असे रीतसर प्रश्न विचारत होते. त्या वृद्ध गृहस्थांनी त्यांना हाताने थांबवले आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारले, "आपण काय करत होतात पुण्यात?"

मी शाळेत भूगोल शिकवत होते, असे सांगितले.

"मग सांगा, बाई. एडन कुठे होतं?"

अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, समुद्राकाठी, असे मी वर्गात सांगावे तसे सांगितले.

"स्थान नाही विचारलं. इलाखा विचारला."

आमच्या शाळेच्या माळ्यावर एक जुना, कापडावर चिकटवलेला नकाशा गुंडाळून ठेवलेला होता. त्यात मुंबई इलाख्याच्या कोपऱ्यात एका लहान चौकटीत एडन काढलेले होते. ती चौकट मला आठवली. "मुंबई," मी म्हटले. त्यांनी यजमानांकडे पाहून सांगितले, "घर तुमचं." स्टेशनकडे परतताना यजमान म्हणाले की तुझ्या भूगोलाचा आयुष्यात पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

ही १९९० च्या शरदातली गोष्ट. पुढची चार वर्षे आम्ही त्या घरात राहिलो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतले ते मुंबईहून पाठवलेल्या फौजेच्या बळावर, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे त्या बंदराचा कारभार मुंबईच्या हाताखाली चालला. तेथे रुपये चालत, टपालाला हिंदुस्थानची तिकिटे लागत आणि कचेऱ्यांतून आपल्याकडचे कारकून बसत. घरमालकांचे आजोबा रत्नागिरीकडून असेच तेथे गेले. वडील तेथे जन्मले, हेही तेथेच जन्मले. शाळा संपल्यावर ते मुंबईला आले, मग कापडाच्या व्यापारात कोबेला, आणि एका जपानी बाईंशी लग्न करून ओसाकाच्या या उपनगरात कायमचे स्थायिक झाले. त्या बाई आम्ही येण्यापूर्वी दोन वर्षे वारल्या होत्या. तेव्हापासून ते खालच्या मजल्यावर एकटे राहत होते आणि त्यांना एकच उद्योग होता : अरब मुलखात कोणकोणती परकी साम्राज्ये आली, काय सांगून आली आणि काय करून गेली, याचा अभ्यास. त्यावर पुस्तक का लिहीत नाही, असे मी एकदा विचारले. "पुस्तकाला शेवट लागतो, बाई," ते म्हणाले. "तो कुठून आणू?"

ते उंच होते आणि घराच्या चौकटी बुटक्या, त्यामुळे प्रत्येक दारातून ते नमस्कार केल्यासारखे जात. पायजम्यावर जपानी पद्धतीचे जाड कापसाचे जाकीट, डोक्यावर घरातही लोकरीची टोपी. चहात पुदिना घालत, एडनची सवय म्हणून. शेजारी त्यांना 'इन्दो-सान' म्हणत. जपानात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला देशाच्या नावाने हाक मारणे मला खटकत असे, पण त्यांना त्यात गैर वाटत नव्हते. एडनमध्येही आम्हाला असंच म्हणत, असे ते सांगत. तिथे तर आम्ही राज्यकर्त्यांचे कारकून होतो, नाव विचारायची कोणाला गरज नव्हती.

दर रविवारी सकाळी ते मला शिकवत. यजमान आठवडाभर रात्री उशिरा येत, म्हणून रविवारी त्यांना झोपू द्यावे लागे. मी खाली जाई. कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, पांघरुणात पाय घालून आम्ही समोरासमोर बसत असू आणि मध्ये नकाशांचे मोठे पुस्तक असे. आठवडाभरात मी दुकानदाराशी आणि स्टेशनवरच्या माणसाशी बोललेली पाचपंचवीस जपानी वाक्ये सोडली, तर मोठ्याने बोलण्याची माझी तेवढीच वेळ होती. त्यांचीही तेवढीच असावी. आम्ही दोघांनी तसे कधी बोलून दाखवले नाही.

"आज रोमन," ते जाहीर करत. मग धूप आणि ऊद पिकणाऱ्या देशाच्या लोभाने दक्षिण अरबस्तानात शिरलेली आणि तहानेने अर्धी होऊन परतलेली रोमन सेना येई. "आज फ्रेंच," म्हटले की १७९८ साली अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर उतरून, आम्ही तुमचे मित्र आहोत, तुम्हाला जुलमी सरदारांपासून सोडवायला आलो आहोत, अशी पत्रके वाटणारा सेनापती येई. अल्जीयर्सच्या सत्ताधीशाने फ्रेंच वकिलाला माशा वारण्याच्या पंख्याने मारले आणि त्या अपमानाचे निमित्त करून फ्रेंच फौज आली ती एकशेतीस वर्षांहून अधिक काळ राहिली, हे सांगितल्यापासून उन्हाळ्यात मी कागदी पंखा हातात घेतला की ते गंभीरपणे म्हणत, "पंखा खाली ठेवा, बाई. फ्रेंच येतील."

त्यांच्या विनोदाला असे एक शाळकरी वळण होते. ओसाकात जळणारा कचरा वेगळ्या दिवशी आणि न जळणारा वेगळ्या दिवशी ठेवावा लागतो. जिन्याखाली पिशव्या बांधता बांधता ते साम्राज्यांचीही वर्गवारी करत. पोर्तुगीज जळणारे, मस्कतला किल्ले बांधले आणि गेले. तुर्क अवजड सामानातले. उचलायला आधी फोन करावा लागतो. इंग्रज न जळणारे. इजिप्तमध्ये १८८२ ला 'थोड्या दिवसांसाठी' आले आणि शेवटचा सैनिक गेला तो १९५६ साली. 'थोडे दिवस' हे शब्द उच्चारले की ते नेहमी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून खाकरत.

त्या हिवाळ्यात कुवेतवरून युद्ध पेटले. सगळा देश दूरदर्शन पाहत होता. तेही पाहत, पण आवाज बंद करून. आवाज बंद केला की कोण कोणाच्या घरात उभा आहे तेवढेच दिसते, आणि तेवढेच पाहायचे असते, असे त्यांचे मत होते. इराकने शेजाऱ्याच्या घरात शिरणे आणि शेजाऱ्याला सोडवायला दुरून इतक्यांनी येणे, या दोन्हींकडे ते सारख्याच उदास चेहऱ्याने पाहत. "१९१७ साली बगदादमध्ये शिरताना इंग्रज सेनापतीनं काय जाहीर केलं होतं? आम्ही जिंकायला नाही, सोडवायला आलो. त्यांच्या फौजेत आपल्या साताऱ्याकडचेही लोक होते, बाई. त्यांना कोणी विचारलं होतं?"

विचारणे हा त्यांच्या सगळ्या इतिहासाचा एकमेव निकष होता. आणि येथे मला त्यांची मुख्य लकब सांगितली पाहिजे.

आपल्याच घराचा जिना ते न विचारता चढत नसत. नळ दुरुस्त करायचा असो, केरोसीनच्या हीटरची वात बदलायची असो, ते जिन्याच्या पायथ्याशी हत्यारांची पेटी घेऊन उभे राहत आणि वर तोंड करून म्हणत, "वर येऊ का?" मी 'या ना, काका' म्हटले की येत, काम करत आणि उतरत. उत्तर मिळाले नाही तर परत जात. वर आल्यावरही ते स्वयंपाकघरापलीकडे जात नसत. पूर्वेच्या खोलीकडे तर मान वळवून पाहतही नसत. त्या खोलीला दार नव्हते. जपानी घरातले कागदी दार चौकटीतल्या खाचेतून सरकते. येथे खाच होती, दार नव्हते. घर घेताना यजमानांनी त्याबद्दल विचारले, तेव्हा घरमालकांनी भाडे कमी करून दिले आणि विषय संपवला.

एकदा मी बाजारात गेले असताना वरच्या गॅलरीतल्या कपडे धुण्याच्या यंत्राची नळी निसटली. परत येते तो हे खाली छत्री उघडून बसलेले. छतातून धार लागली होती. त्यांनी बादल्या, पातेली, चहाची किटलीसुद्धा मांडली होती आणि नकाशांचे पुस्तक पोटाशी धरले होते. मी धावत वर जाऊन नळ बंद केला. खाली येऊन, चावी तुमच्याकडे आहे, वर यायचे होते, असे जरा रागानेच म्हटले.

"दोन वेळा हाक मारली. उत्तर आलं नाही."

"उत्तर कसं येणार, घरात कोणी नव्हतं! आणि घर तुमचंच आहे, काका."

"हेच," ते छत्री मिटत म्हणाले. "हेच वाक्य म्हणून सगळे आत गेले."

पुढच्या रविवारी त्यांनी मला त्यांच्या सगळ्यात आवडत्या विषयावर नेले. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कांचा मुलूख कोणी वाटून घ्यायचा, हे इंग्रज-फ्रेंचांनी युद्ध चालू असतानाच आपसांत ठरवले होते. तरी १९१९ मध्ये अमेरिकेचे एक मंडळ सीरिया आणि पॅलेस्टाइनमध्ये गावोगाव फिरले आणि तेथल्या लोकांना तुम्हाला काय हवे, असे विचारले. एवढ्या हजारो वर्षांत असे कोणी विचारल्याचे त्यांना दुसरीकडे फारसे आढळले नव्हते. "लोकांनी सांगितलं, बाई. त्यांनी लिहून घेतलं. आणि मग फडताळात ठेवलं." त्यांनी नकाशावर तळहात फिरवला. "आपल्याकडे म्हणतात ना, मौन म्हणजे संमती. हे कुठल्या तरी साम्राज्याच्या कारकुनानं शोधून काढलं असणार. माझ्या आजोबांनीही असेल. मौन म्हणजे फक्त मौन. समोरचा बोलत नाही, एवढाच त्याचा अर्थ."

मग ते मंडळाचे निष्कर्ष बाजूला सारून राष्ट्रसंघाने काय केले, ते सांगू लागले. ते मुलूख इंग्रज-फ्रेंचांच्या पालकत्वाखाली ठेवण्यात आले. कारण असे सांगितले की तिथल्या लोकांना अजून स्वतःच्या पायावर... येथे ते थांबले. वाक्य पुरे न करता चहा ठेवायला उठले. वर्गात वाक्य अर्धे सोडणाऱ्या शिक्षकाकडे मुलांचे लक्ष हमखास जाते; माझेही गेले. पण आधण आले, पुदिना पडला, आणि ते तुर्कांकडे परतले.

त्यांना एक मुलगी होती. नागोयाला मोटारींच्या एका कारखान्यात ती आराखडे काढण्याचे काम करत होती, वय तिशीचे, अविवाहित. हे मला शेजारणीकडून समजले. आईच्या समाधीवर ती दर वर्षी येते, तेथून परत जाते, घरी येत नाही, हेही शेजारणीनेच सांगितले. ते स्वतः तिचे नाव घेत नसत. मात्र नागोयाच्या बाजूला भूकंपाचा किंवा वादळाचा इशारा आला की खालचे दूरदर्शन आवाजासह चालू असे.

१९९३ च्या वसंतात एका संध्याकाळी ते पायथ्याशी आले, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मीच खाली उतरले. बायकोच्या श्राद्धाचा मोठा विधी होता आणि मुलीला आईचा किमोनो हवा होता. तो वरच्या भिंतीतल्या कपाटाच्या तळाशी होता. "तिला वर येऊ द्याल का? मजला तुमचा आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच नेमका होता, पण ते टोपी हातात धरून उभे होते. मी अर्थातच हो म्हटले. जरा वेळाने ते म्हणाले, "घरात यायला तयार झालीय. एवढंच."

ती आली ती शनिवारी दुपारी. उंची वडिलांची, चेहरा आईचा असावा. खाली बापलेकींत काय बोलणे झाले ते मला स्पष्ट ऐकू आले, कारण ते फारच थोडे होते. ते मराठीत विचारत होते : गाडीला गर्दी होती का, जेवलीस का. ती जपानीत उत्तर देत होती : नव्हती, हो. मग ती एकटीच वर आली, दारात वाकली आणि मला म्हणाली, "आपण शिक्षिका आहात ना? आपल्याला त्रास देते, क्षमा करावी."

इतके पाठ्यपुस्तकी मराठी मी पुण्यातही ऐकले नव्हते. मी चकित झालेली पाहून ती किंचित हसली. "बाबांनी शिकवलं. रोज. या खोलीत."

कपाट पूर्वेच्या खोलीत होते. किमोनो कागदात गुंडाळलेला सापडला. तो मांडीवर घेऊन ती बराच वेळ जमिनीवर बसली. मग चौकटीच्या रिकाम्या खाचेवरून तिने बोट फिरवले.

"दार अजून नाही?"

आम्ही आलो तेव्हापासून नाही, असे मी सांगितले. ती मराठीत सांगू लागली. शब्द शोधावे लागले की डोळे मिटायची. ती तेरा वर्षांची असताना बाबांनी ते काढून नेले. ती अभ्यास करते की नाही, हे जिन्यातूनच दिसावे म्हणून. तिच्या भिंतीवरची चित्रे काढून महाराष्ट्राचा नकाशा लावला, मेज खिडकीपासून हलवले, जेवताना जपानी बोलायला बंदी केली. हे सगळे ती शाळेत असताना होई. घरी यावे तर खोली दुसरीच झालेली असायची. आई काही बोलत नसे. "बाबा म्हणायचे, थोडे दिवस. तू स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत." तिने खांदे उडवले. "मी पायावर उभी राहिले आणि चालत गेले."

त्या रविवारचे अर्धे राहिलेले वाक्य असे दोन वर्षांनी माझ्यापुढे पुरे झाले.

तेवढ्यात खालून आवाज आला. "वर येऊ का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. मजला कराराने माझा होता, पण तो प्रश्न मला नव्हता.

"ते असं कधीपासून विचारतात?" तिने हळूच विचारले.

आम्ही आल्यापासून रोज, मी म्हटले.

"आणि कोणी बोललं नाही तर?"

"परत जातात. एकदा छतातून पाणी गळत होतं तरी गेले."

तिने किमोनोची घडी पुन्हा नीट केली. खाली पायरीचा आवाज नव्हता. ते उभे होते. मला वाटले, ती आता रडेल किंवा 'या' म्हणेल. तिने यातले काही केले नाही. जिन्याच्या तोंडाशी न जाता, बसल्या जागेवरूनच, ती स्पष्ट मराठीत म्हणाली, "आज नको, बाबा."

थोड्या वेळाने खालून "बरं" असे आले. मग स्वयंपाकघराच्या दिशेने जाणारी पावले, आणि किटलीत पाणी भरल्याचा आवाज.

ती तासाभराने गेली. पुदिन्याचा चहा तिने जाताना उभ्यानेच घेतला. तिला स्टेशनपर्यंत सोडायला ते गेले नाहीत; तिने बोलावले नव्हते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी जरा भीतभीतच खाली गेले. नकाशांचे पुस्तक मिटलेले होते.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी आपणहून मराठीत बोलली," ते म्हणाले. "ऐकलंत ना काय बोलली ते?"

मी मान हलवली.

"आणि मी वर गेलो नाही." ते आपल्या हाताच्या पंजांकडे पाहत होते. "इतकं सोपं होतं, बाई."

त्यांचे सांत्वन करावे असे मला वाटले, पण त्यांचा चेहरा सांत्वन मागणाऱ्याचा नव्हता. दीर्घ गणित सोडवून उत्तर ताडून पाहिलेल्या विद्यार्थ्याचा होता. उत्तर बरोबर आले होते, पण पेपर केव्हाच संपलेला होता. तिने दाराबद्दल विचारले होते, एवढे मी त्यांना सांगितले. बाकीचे सांगण्याची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात एके दिवशी जिन्याच्या पायथ्याशी भिंतीला टेकवलेले एक कागदी दार मला दिसले. त्याचा कागद पिवळा पडला होता आणि एका कोपऱ्यावर लहान मुलीने चिकटवलेल्या चित्राचा ओरखडा राहिला होता. ते शेजारी उभे राहून अगदी कोरडेपणाने म्हणाले, "हे तुमच्या मजल्याचं आहे. करार झाला तेव्हा द्यायचं राहिलं."

ते वर घेऊन आले नाहीत. संध्याकाळी यजमानांनी आणि मी ते उचलून नेले. लाकूड फुगले होते. यजमानांनी खाली मेण घासले, शिव्या घातल्या, उलटे करून पाहिले, आणि अखेर ते खाचेत बसले. सरकवताना ते लांब कण्हल्यासारखे वाजे. खालून प्रश्न आला, "लागलं का?" यजमानांनी हो म्हटले. "पूर्ण मिटतं?" पूर्ण, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर मला फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला. ते नागोयाला एवढेच बोलले, की दार बसवले आहे. पलीकडून काय उत्तर आले, ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले : "असं." तेही जपानीत. ते वाक्य ते पुढे कित्येक दिवस, प्रश्नार्थक की साधे, याचा निर्णय न करता, मनाशी घोळवत होते.

ती पुन्हा आली नाही. निदान आम्ही होतो तोवर. येणार नाही, असेही म्हणाली नाही.

चौऱ्याण्णवच्या शरदात यजमानांचे काम संपले. निघायच्या दिवशी सामान आधीच गेले होते. मी शेवटचा केर काढला, पूर्वेच्या खोलीचे दार पूर्ण मिटले आणि खाली येऊन चावी त्यांच्यापुढे धरली. आता वरचा मजला पुन्हा तुमचा, असे मी काहीतरी निरोपाचे म्हणाले.

"कोणाचा ते विचारायचं आहे अजून," ते म्हणाले.

नवा भाडेकरू ठेवणार का, असे यजमानांनी विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग चावी घेऊन ते सवयीने जिन्याच्या पायथ्याशी गेले, एक हात कठड्यावर ठेवला आणि वर तोंड करून, नेहमीच्याच आवाजात, म्हणाले,

"वर येऊ का?"

वरच्या खोल्या रिकाम्या होत्या, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. तरी वर कोणी असते तर त्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा ते थांबले. मग त्यांनी कठड्यावरचा हात काढला, चावी चपलांच्या फडताळावरच्या खिळ्याला अडकवली, आणि आम्हाला स्टेशनपर्यंत पोचवायला येऊ का, असे विचारले.